उस्तादांची ढील

केतकीनं चहाचा कप धैर्यशीलच्या खांद्यावरून पुढे केला, आणि काय झालं ते कळायच्या आत तिचा हात तिच्याच पाठीमागे गेला होता. कप फरशीवर पडून फुटला. कोपर अशा जागी वळलं होतं की त्यापुढे फक्त मोडणंच उरलं होतं.

आणि मग त्याची बोटं उघडली.

"लागलं का गं?" धैर्यशील खुर्चीवरून धडपडत उठला. "बघू. बघू दे मला."

"नाही लागलं."

खरंच लागलं नव्हतं. चौदा महिन्यांच्या निहूला तर हा नवा खेळच वाटला. तिनं कोपऱ्यातून टाळ्या वाजवल्या आणि चहाच्या थारोळ्याकडे रांगायला सुरुवात केली. केतकीनं तिला कमरेवर घेतलं, दुसऱ्या हातानं पायपुसणं ओढलं.

"मागून येत जाऊ नकोस," काचा गोळा करताना धैर्यशील म्हणाला. "थोडे दिवस. केंद्रातल्या मुजावर मॅडमनी सांगितलंय तसं."

"मला नाही कुणी सांगितलं."

"तू काय माझ्या प्लाटूनमध्ये आहेस?" तो हसला. केतकी हसली नाही.

दुपारभर तिच्या मनात एकच गोष्ट टोचत राहिली. मनगट सुटलं तेव्हा तिनं मान वळवून त्याचा चेहरा पाहिला होता. त्याचे डोळे अजून समोरच्या भिंतीवरच होते. मागे कोण आहे हे त्याला कळलेलंच नव्हतं. म्हणजे हात आधी उघडला आणि ओळख नंतर पटली. आपण कुणाला धरलंय हे माहीत नसताना माणूस सोडेल कशाला?

*

चंदगडच्या डोंगरात, काजूच्या बागा संपतात तिथे हे प्रशिक्षण केंद्र होतं. हवालदार धैर्यशील मांढरे आणि त्याचे एकोणचाळीस जवान तिथे सहा आठवडे दुपारी झोपायला जात होते. जवान त्याला 'दुपारची शाळा' म्हणत. कागदोपत्री नाव होतं 'अंगवळण'.

कल्पना साधी होती. सायकल चालवणं, पोहणं, भाकरी थापणं ही कौशल्यं माणूस शब्दांत आठवत नाही. ती लहान मेंदूत जाऊन बसतात. दिवसा केलेला सराव मेंदू झोपेत पुन्हा पुन्हा गिरवतो, म्हणून काल न जमलेली गोष्ट आज सकाळी हाताला जमते. अंगवळण या गिरवण्यातच शिरायचं. डोक्यावर जाळीची टोपी आणि हातापायांवर बाह्या चढवायच्या. झोप नेमक्या खोलीवर गेली की एखाद्या जाणत्या माणसाच्या हालचालींचा अचूक ताल बारीक विद्युतलहरींनी मेंदूत आणि स्नायूंत सोडायचा. मेंदूला वाटतं, हे आपणच केलंय, आणि दहा हजार वेळा केलंय. सहा वर्षांची मेहनत सहा आठवड्यांत अंगी लागते. आणि एकदा लागली की, सायकलसारखीच, विसरता येत नाही.

पण दहा हजार वेळा ते कुणीतरी खरोखर केलेलं असावं लागतं. ते केलं होतं उस्ताद तातोबा चौगुले यांनी. आधी सैन्यात सुभेदार मेजर, मग याच केंद्रात मल्लविद्या आणि निःशस्त्र झुंजीचे शिक्षक, अशी त्यांची चाळीस वर्षं गेली होती. सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या अंगभर संवेदक लावून प्रत्येक पेच नोंदवला गेला. म्हातारपणानं हरवलेला वेग तरुणपणीच्या चित्रफितींवरून भरून काढला.

त्या चित्रफिती केतकीच्या ताब्यात होत्या. इतिहासात एम.ए. झालेली हवालदाराची बायको आयतीच सापडली म्हणून केंद्रानं तिला झुंजीच्या प्रशिक्षणाचा इतिहास लिहायला बसवलं होतं. निहू पाळणाघरात असेल तेवढेच तास तिचे. त्यात तिनं दीडशे पानं लिहिली होती. पहिल्या महायुद्धात पेंढ्यानं भरलेली पोती टांगून त्यांत संगीन खुपसताना ओरडायला लावायचे, ते. दुसऱ्या युद्धात गल्लीबोळांतले पोलीस येऊन सैनिकांना खंजीर आणि तळहाताचा घाव शिकवू लागले, ते. आपल्याकडच्या तालमींतून भरती झालेले पैलवान आपापले पेच सोबत घेऊन आले, तेही. दर पिढीत एखादा साहेब जाहीर करी की आता बंदुका सुधारल्या, हातघाईचे दिवस संपले. आणि दर पिढीत एखादा खंदक, एखादा जिना, एखादा करार हातघाई परत आणी. या वेळी करारानं आणली होती. उंच सीमेवर दोन्ही बाजूंनी गोळी चालवायची नाही असं ठरलं, आणि लोक लाठ्या, दगड आणि हातांनी मरू लागले.

आपल्या हस्तलिखितातलं एक वाक्य केतकीला त्या दुपारी पुन्हा वाचावंसं वाटलं. *सराव सुरक्षित व्हावा म्हणून त्यात थोडं खोटं मिसळावं लागतं, आणि अंग ते खोटंही खऱ्याइतक्याच निष्ठेनं शिकतं.* पेंढ्याच्या पोत्यावर शिकलेला शिपाई खऱ्या माणसापुढे पोत्याशी वागावं तसाच वागायचा.

तिनं वही मिटली आणि मैदानाकडे गेली.

तारेच्या कुंपणापलीकडे जोड्या लावून सराव चालू होता. चाळीस जवान. हात आला, धरला, वळवला, सोडला. केतकी आकडे मोजत उभी राहिली. हात आला, धरला, वळवला, सोडला. सगळ्यांची बोटं एकाच मापानं उघडत होती, जणू कुणी शिट्टी वाजवतंय.

"काय शिस्त आहे बघा," शेजारून जाणारे नायब सुभेदार अभिमानानं म्हणाले.

केतकीनं मोजणं थांबवलं. सरावात जोडीदाराला सोडावंच लागतं, म्हणून कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. पण तिच्या स्वयंपाकघरात सराव चालू नव्हता.

*

तिनं चित्रफिती काढल्या आणि पडद्यावर एकेक चित्र थांबवत पाहिल्या. काळे केस, दणकट मान, तिशीतले तातोबा. पेच पूर्ण बसतो. सांधा शेवटच्या टोकाला जातो. समोरच्यानं अजून थोपटून हार मानलेली नसते, तोंडातून आवाजही निघालेला नसतो. तरी उस्तादांची बोटं सैल होतात. पंचवीस चित्रफिती झाल्या. वय वाढत गेलं, केस पिकले, पण ती सैल पडण्याची वेळ तसूभरही हलली नाही.

बदलीचा हुकूम आला होता. नऊ दिवसांनी प्लाटून वर सीमेवर जाणार होती.

दुसऱ्या दिवशी केतकीनं निहूला झोळीत बांधलं आणि उस्तादांच्या गावासाठी गडहिंग्लजकडची एसटी धरली. धैर्यशीलला तिनं सांगितलं, लसीसाठी चाललेय. लग्नाच्या चार वर्षांतलं तिचं हे पहिलं धडधडीत खोटं. तो नुसता "बरं" म्हणाला. डोळे मात्र तिच्यावर जरा जास्तच वेळ थांबले, असं तिला वाटलं. की आता तिला सगळीकडेच संशय दिसू लागला होता?

तातोबा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. शहात्तरीचा माणूस, पण मनगटं अजून मुसळासारखी.

"कुनाची गं तू?"

"हवालदार मांढऱ्यांची बायको. केंद्राचा इतिहास लिहिते, आबा."

"इतिहास? माजा?" म्हातारा खूश झाला. "आरं तिच्या, मी अजून जित्ता हाय की! बस. पोरीला सोड खाली, लोळू दे. शेनानं सारवलेलं न्हाई, फरशी हाय."

निहूनं खाली उतरताच त्यांचा अंगठा मुठीत पकडला. तातोबांनी तो तसाच राहू दिला.

"पकड चांगली हाय," ते म्हणाले.

केतकीनं आडवळण घेतलं नाही. "आबा, पेच बसल्यावर हात सैल करायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

शेंग फोडणारा हात थांबला. "तुला दिसलं व्हय?"

"दिसलं."

"चाळीस वर्सांत कुनाला न्हाई दिसलं." त्यांनी टरफलं बाजूला सारली. "त्याला ढील म्हंत्यात. आमच्या तालमीतला रिवाज हाय त्यो. वस्तादाच्या हातनं एकाद्या पोराचा सांदा निखळला, तर वस्तादानं सोता त्या पोराच्या घरी जायाचं. आईम्होरं हुबं ऱ्हायाचं. ती बोलंल ते ऐकायचं, आन तिच्या हातचं पानी पिऊन यायाचं. मी तरनाताटा हुतो तवा एकदा ग्येलो. त्या बाईनं शिवी दिली न्हाई, काय न्हाई. नुसतं म्हनली, 'उद्यापास्नं ह्याला जेवायला कोन घालायचं, तू का मी?' त्या दिसापास्नं ढील रगतात ग्येली. सांदा मोडायच्या केसभर आदी हात आपसूक सुटतो. मी सोडत न्हाई. त्योच सुटतो."

निहूनं एक शेंगदाणा तोंडात टाकला होता. केतकीनं बोट घालून तो बाहेर काढला. निहूनं भोकाड पसरलं. तिला थोपटता थोपटता केतकीनं पुढचा प्रश्न विचारला. विचारावा लागला नसता तर बरं, असं वाटत असतानाच विचारला.

"आणि खऱ्या झुंजीत, आबा? तेव्हा सुटला?"

तातोबांनी मूठभर शेंगदाणे अंगणातल्या कोंबड्यांपुढे फेकले.

"वर बर्फात एकदाच खरी जुंपली," ते म्हणाले. "मी एकाचा सुऱ्याचा हात धरला. पुरता बसला पेच. आन सुटला. त्यो सुरा परत आला, पर माज्याकडं न्हाई. शेजारी शिवलिंग हुता, माजा जोडीदार. त्याच्या बरगडीत ग्येला." त्यांनी तळहात गुडघ्यांवर पुसले. "खाली आल्यावर शिवलिंगाच्या आईम्होरं जाऊन हुबा ऱ्हायलो. रिवाजच तसा. तिनं पानी दिलं. मी प्यालो. पर का ग्येला, त्ये काय मी सांगितलं न्हाई."

"मशीनवाल्यांना सांगितलंत?"

"त्यांनी इचारलं कुटं? म्हनलं, आबा, तुमचा हात अमर हुनार. समद्या गावाम्होरं फेटा बांदला. मानसानं काय बोलायचं?" मग आवाज उतरला. "लाज वाटली, पोरी."

उठताना केतकीनं विचारलं, "ढील शिकायला किती दिवस लागतात?"

"पकड सा म्हैन्यांत येती. ढील तीन वर्सं खाती. जोडीदाराचा सांदा आपल्या हातात बोलत असतोय. त्ये ऐकू यायला तेवढा येळ लागतोच."

*

घरी धैर्यशील वर न्यायचं सामान खाटेवर मांडून बसला होता. लोकरी मोजे, हातमोजे, दाढीचं सामान. केतकीनं या वेळी समोरून येऊन, दोन हात लांब उभं राहून सगळं सांगितलं. उस्ताद, ढील, शिवलिंग.

त्यानं मोज्याची जोडी गुंडाळून पिशवीत घातली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणजे, शिवलिंगचं नव्हतं माहीत. हात सुटतो ते माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. धरलं की शेवटी आपसूक उघडतो. कितीही दाबून बघितलं तरी."

"आणि तू गप्प बसलास?"

"मग काय करू? सांगितलं की मॅडम ते साफ करतील. साफ झालेला हात घेऊन मी कुठं येणार? इथंच ना?" त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "परवा तू चहा घेऊन आलीस. तो हात साफ असता तर आज तुझं कोपर प्लास्टरमध्ये असतं. आणि तू मोठी आहेस. ही..."

निहू त्याच्या बुटाची नाडी चोखत होती. वाक्य पूर्ण करायची गरज नव्हती.

तर हे होतं. दोन दिवस ती ज्याच्यावर नजर ठेवून होती, तो खरोखरच काहीतरी लपवत होता. आणि लपवत होता ते तिच्याचसाठी. केतकीला वाटलं जवळ जावं. पाय हलले नाहीत.

"आणि वर?" तिनं विचारलं.

"वर बघू."

"बघू काय? तुझ्या डावीकडे कोण असतो?"

तो हातमोज्यांच्या जोड्या लावू लागला.

"कोण असतो, धैर्य?"

"बिरू."

बिरू वाघमोडे समोरच्याच क्वार्टरमध्ये राहायचा. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता. रोज संध्याकाळी ती निहूला ओवाळल्यासारखी बोटं मोडायची आणि म्हणायची, मला अशीच होऊ दे.

"तुझ्या हातातून सुटलेला सुरा तुझ्याकडे येईलच असं नाही," केतकी म्हणाली. "आबांच्याकडे नाही आला."

"तू सांगणार आहेस तर."

"हो."

"मला विचारून?"

"तू मला विचारलं होतंस?"

त्यानं पिशवीची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. "सांग," तो म्हणाला. "पण मग एक ऐक. मी आल्यावर घाबरलीस, तर घाबरलीस म्हणून सांग. नाही लागलं, नाही लागलं, असं करू नकोस."

*

अंगवळणच्या प्रमुख डॉ. निलोफर मुजावर यांनी सगळं न टोकता ऐकून घेतलं. मग पडद्यावर उस्तादांच्या नोंदी उघडल्या आणि पकडीच्या आलेखात शेवटी पडलेल्या छोट्याशा खळग्यावर बोट ठेवलं.

"हे आम्ही पाहिलं होतं. वयाचा थरथराट समजलो होतो."

"तिशीतल्या चित्रफितींतही आहे, मॅडम."

"त्या आम्ही वेगासाठी तपासल्या. सोडण्यासाठी नाही." त्यांचा आवाज स्थिर होता, पण चष्मा काढून पुसताना दोन वेळा एकच काच पुसली गेली. "हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंय?"

हा प्रश्न केतकीला आवडला नाही. "का?"

"सहज."

"हे काढता येईल?"

"पुसता येत नाही. त्यावर दुसरं लिहिता येतं. पकड सुटायच्या जागी पुढे चालूच राहते, असं मेंदूला दहा हजार वेळा दाखवायचं. पाच दुपारी पुरतील."

"आणि ते परत आल्यावर? ढील पुन्हा लिहाल?"

डॉक्टरांची नजर फायलीकडे गेली. "बघू."

हा शब्द केतकीनं या आठवड्यात दोघांच्या तोंडून ऐकला होता. विश्वास एकाचाही बसला नव्हता.

डॉक्टरांनी एक कागद पुढे सरकवला. ही माहिती मी स्वतःहून, कोणत्याही दबावाविना देत आहे. खाली सहीची जागा. केतकीनं तो दोनदा वाचला. उद्या एखाद्या घरात एखादं कोपर मोडलं, तर हाच कागद वर काढला जाईल, हे तिला लख्ख दिसलं. इतिहास लिहिणाऱ्या माणसाला कागद कशासाठी जपून ठेवतात ते पक्कं ठाऊक असतं.

तिनं पेन उचललं आणि सहीच्या वर, आपल्या अक्षरात लिहिलं: *प्लाटून परतल्यावर उस्ताद चौगुले यांना बोलावून तालमीसारख्या मातीच्या हौदात, हातानं, जोडीनं, तीन वर्षं ढील शिकवली जाईल. चाळीसही जणांना. तोवर प्रत्येक घराला लेखी सूचना मिळेल.*

"अंगवळणच्या केंद्रात मातीचा हौद?" डॉ. मुजावर म्हणाल्या. "माझं हसं होईल, केतकी."

"तुम्हीही सही करा, मॅडम. माझ्या सहीच्या शेजारी."

त्यांनी केतकीची ओळ पुन्हा वाचली. मग सही केली. केतकीनं जायच्या आधी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला, आणि तो काढताना लपवलाही नाही.

*

पाच दुपारींत ढीलवर दुसरं लिहून झालं. चाळीस गेले आणि पाच महिन्यांनी चाळीस परत आले. बिरूच्या गळपट्टीचं हाड मोडलेलं होतं, पण तो स्वतःच्या पायांनी ट्रकमधून उतरला आणि दोन महिन्यांच्या मुलाला बघून मैदानातच रडायला लागला. वर एकदा जुंपली होती, एवढं बातम्यांत आलं होतं. पलीकडच्यांचं काय झालं ते बातम्यांत नव्हतं. धैर्यशीलनं सांगितलं नाही. केतकीनं विचारलं नाही.

पिंपळाखाली मातीचा हौद खणून तयार होता. लाल माती, त्यात ताक आणि तेल मुरवलेलं. सोमवारी आबा येणार होते.

धैर्यशील घरी आला तो दारातच उभा राहिला. परेडवर 'विश्राम' म्हटल्यावर उभं राहतात तसा, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गच्च अडकवून.

"ये की आत," केतकी म्हणाली.

"येतो. तू पुढे हो. मागे नको थांबूस."

तो आत येऊन भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून घेतले. निहू आता चालत होती. पाच महिन्यांत ती बापाला विसरली होती, की नव्हती, कोण जाणे. लांब उभी राहून तिनं त्याला पुरतं न्याहाळलं. मग हातातला चपातीचा ओला तुकडा घेऊन डुलत डुलत गेली, त्याच्या गुडघ्यावर पोट टेकलं, आणि तुकडा त्याच्या तोंडाशी धरला.

"पापा, आ."

धैर्यशीलनं आधी केतकीकडे पाहिलं.

"भीती वाटतेय," केतकी म्हणाली. ठरलं होतं तसं, खरं.

"मलाही," तो म्हणाला.

मग त्यानं तोंड उघडलं. निहूनं अख्खा तुकडा आत कोंबला, ओला हात त्याच्या गालाला पुसला आणि मांडीवर चढायला लागली. दंडावर ताण आल्याचं सदऱ्यातूनही दिसलं, पण तळहात मांड्यांखालून हलले नाहीत. केतकी सरकत सरकत त्या दोघांपासून एका हाताच्या अंतरावर येऊन बसली. तिनं त्याच्या खांद्यांवरची नजर हलवली नाही.